अंजनाबाईंच्या हाताखाली

अंजनाबाईंनी मुक्ताच्या हातावर चापट मारली तेव्हा त्या हाताला रक्त लागलेलं होतं, आणि ते रक्त मुक्ताचं नव्हतं. चापट फार जोराची होती असंही नाही. ताटावर बसलेली माशी हाकलावी तशी, चटकन्, मनगटाच्या जरा वर. पण दौंडच्या त्या दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या खोलीत तेव्हा पाच-सहा शिकाऊ बाया टेबलाभोवती उभ्या होत्या, आणि त्या सगळ्यांच्या देखत न्हावऱ्याच्या मारुतरावांच्या सख्ख्या बहिणीवर अंजना ओव्हाळ नावाच्या बाईनं हात टाकला होता. "सोड," बाई म्हणाल्या. "सोड ती नाळ. मागं हो." मुक्तानं नाळ सोडली आणि ती मागं झाली. पाठीला भिंतीचा चुना लागला. मूल आधीच झालं होतं, कोपऱ्यात दुसऱ्या एका शिकाऊ पोरीच्या, सोजरच्या हातात टाहो फोडत होतं. वार तेवढी पडायची राहिली होती. अंजनाबाईंनी बाळंतिणीच्या पोटावर तळवा ठेवला आणि त्या नुसत्या थांबल्या. काही म्हणजे काही केलं नाही. बाहेर रेल्वेच्या शेडमध्ये कुठल्याशा इंजिनानं वाफ सोडली, तिचा फुस्कारा किती तरी वेळ चालला. मग बाळंतिणीला एक कळ आली आणि वार आपली आपण, पिकलं फळ गळावं तशी, तसराळ्यात पडली. बाईंनी ती उलटीपालटी करून बघितली आणि मुक्ताकडं न बघताच म्हणाल्या, "वार म्हंजी तुमच्या शेतावरचा गडी न्हाई. हाक मारली की यायला." कुणीतरी फिसकन् हसलं.

त्या दिवशी मुक्तानं हात पुन्हा पुन्हा धुतला. मोरीपाशी लाल साबणाची वडी होती, तिचा उग्र वास नाकात जाईपर्यंत घासला. रक्त पहिल्याच पाण्याला गेलं होतं, हे तिला दिसत होतं. मग आपण धुतोय ते काय? मनगटाच्या वर चार बोटं उमटली होती म्हणावं तर तसंही काही नव्हतं. कातडी जरा लाल होती, ती तर घासण्यानंही झाली असेल. पण तिथं काहीतरी ठेवलेलं होतं. कुणीतरी आपली वस्तू दुसऱ्याच्या घरात ठेवून जावं आणि ती उचलायला परत येऊ नये, तसं. नवऱ्यानं मारलं होतं. सासूनं चुलीतलं लाकूड फेकून मारलं होतं, त्याचा डाग अजून पोटरीवर होता. त्याचं कधी असं झालं नव्हतं. ते आपल्या माणसांचं मारणं होतं. मार खाण्यातसुद्धा आपलं-परकं असतं, आणि परक्याची चापट लागत नाही तर चिकटते, हे तिला त्या मोरीपाशी कळलं. आणि कळल्यावर तिचा अंजनाबाईंवरचा राग असा काही वर आला की दात एकमेकांवर घासले गेले.

ती इथं आली होती ती तरी कुठं स्वतःच्या मनानं? दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. सरकारनं गावोगावच्या बायांना नर्सिंग शिकवायचं काढलं होतं: सातवी झालेल्या, कुठल्याही जातीच्या, नवऱ्यानं टाकलेल्या, विधवा, कुणीही चालेल; राहायला खोली, दोन वेळचं जेवण, वर महिन्याचं विद्यावेतन, आणि पास झाल्यावर नोकरी. मारुतराव पंचायत समितीवर होता. त्याच्या कानावर हे आलं तेव्हा त्यानं ताटावरून उठता उठता सांगितलं, "मुक्ते, तुझं नाव दिलंय." वहिनीनं, साखरबाईनं, तिच्या ताटात न मागता आणखी एक भाकरी वाढली, तेव्हाच मुक्ताला कळलं की हे दोघांचं आधी बोलून झालेलं आहे. पाबळच्या सासरहून परत आल्याला सहा वर्षं होत आली होती. सहा वर्षं माहेरी राहिलेली लेक म्हणजे उंबऱ्यातलं जातं. येता-जाता सगळ्यांना ठेच लागते, उचलून टाकावं असं मात्र तोंडानं कुणी म्हणत नाही. सरकारनं ते काम सोपं केलं. मारुतरावाला वाटलं होतं, टेबलखुर्चीचं शिक्षण असेल. शिकवणारी बाई कोण, हे त्यानं विचारलं नव्हतं. बाळंतपणं शिकायची आहेत हेसुद्धा त्याच्या नीट डोक्यात शिरलं नव्हतं. न्हावऱ्यात बाळंतपण करायला तानुबाई मांगवाड्यातून यायची, परसदारानं यायची, परसदारानं जायची, आणि ती गेल्यावर खोली सारवून घ्यायची. ते काम आता सरकार पगार देऊन शिकवणार आणि त्याची बहीण ते शिकणार, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा मुक्ताची पेटी दौंडच्या एस्टीवर चढली होती.

पहिल्या आठवड्यात ती मेसमध्ये जेवली नाही. घरून आणलेल्या भाकरी फडक्यात बांधून खाटेखाली ठेवल्या होत्या, त्या लाल चटणीशी खायची. मेसमध्ये सगळ्या एका पंगतीला बसायच्या: मराठ्याच्या, धनगराच्या, रामोशाच्या, बौद्धवाड्यातल्या, आणि आमटीचं पातेलं पाळीपाळीनं त्यांच्यातल्याच एकीच्या हाती असायचं. तिच्या खोलीत तिची जोडीदारीण सोजर होती. सोजर शिरूरची, बौद्ध, तिचा बाप नगरपालिकेत झाडूवर होता. सोजरनं पहिल्याच दिवशी खाट ओढून भिंतीला लावली आणि म्हणाली, "ताई, माझं पांघरूण तुमच्याकडं सरकलं तर सांगा बरं का. झोपंत कळत न्हाई." ती टोमणा मारते आहे की खरंच सांगते आहे हे मुक्ताला कळेना. शेवटी भाकरीला बुरशी आली. तिनं ती बाजू काढून टाकून उरलेली खाल्ली. दुसऱ्या दिवशी अंजनाबाई खोलीत आल्या, वाकल्या, खाटेखालचं फडकं ओढून काढलं, नाकाशी नेलं आणि खिडकीतून बाहेर भिरकावलं. "उपाशी हातानं बाळंतपण होत नसतं," त्या म्हणाल्या. "जेवायचं असलं तर चल, न्हाईतर एस्टी दुपारची हाय." मुक्ता जेवायला गेली. आमटी वाढायला सोजर होती. मुक्तानं डोळे मिटून पहिला घास गिळला, आणि त्या घासाबरोबर आपण काय गिळलं ते वर्षभर विसरायचं नाही असं ठरवलं. आमटी चांगली झाली होती. त्याचाही तिला राग आला.

अंजनाबाई ठेंगण्या होत्या. कांजी केलेलं पांढरं पातळ, चष्म्याच्या एका काडीला दोरा गुंडाळलेला, नखं कातडीपर्यंत कापलेली. रोज सकाळी त्या सगळ्यांची नखं बघत; मुक्ताची बघताना बोटांना हात लावत नसत, तर लाकडी पट्टीनं बोट वर उचलत. सगळ्यांचीच बोटं तशी उचलत होत्या की फक्त तिची, हे मुक्ता रोज बघायची आणि रोज तिला वेगळं दिसायचं. "शाबास" हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. सोजरनं एकदा सांगितलं, "बाई शिकत हुत्या तवा त्यांची थाळी येगळी ठेवायचे म्हणं, पुण्यात. खिळ्यानं खूण केलेली. आन् शिकवायला म्हणून कुणी उभंच न्हाई राहिलं. भांडी धुता धुता बघून शिकल्या." मुक्तानं ऐकलं आणि मनात म्हटलं, म्हणजे हे त्याचं उट्टं चाललंय. खूण केलेल्या थाळीचं उट्टं माझ्यावर. तिला ते बरंच वाटलं. समोरच्याच्या वागण्याला उट्टं हे नाव सापडलं की आपल्याला काही बघायची गरज उरत नाही.

तालुक्यात फिरतीला जायचं असलं की बाई दोघी-दोघींना बरोबर घ्यायच्या. एकदा मुक्ता एकटीच होती. न्हावऱ्यापासून कोसभरावरची वस्ती, कालव्याच्या अलीकडं, कांद्याच्या वाफ्यांमधून वाट. घरातली सून पोटुशी होती, पाय सुजलेले. दारातल्या म्हातारीनं अंजनाबाईंकडं बघितलं, मग मुक्ताकडं, आणि विचारलं, "तू मारुतरावाची न्हवं का?" मुक्ता म्हणाली, "व्हय मावशी." "मग तू ये की आत. ह्यास्नी..." म्हातारीनं वाक्य तिथंच ठेवलं. अंजनाबाईंनी पिशवीतून ठोके ऐकायची लाकडी नळी काढून मुक्ताच्या हातात दिली. "जा. पोट बघ. पाय दाबून बघ, खड्डा पडतो का. लघवी कमी होतीय का विचार." त्या बाहेर उभ्या राहिल्या, उन्हात, सावलीला जायचं तर ओट्यावर चढावं लागलं असतं. आत मुक्तानं बघितलं ते बघितलं. मग म्हातारीनं कपबशीतून चहा दिला, गूळ घातलेला. चहा पिताना दारातून तिला बाईंची पाठ दिसत होती, घामानं पातळ पाठीला चिकटलेलं. तिनं चहा सावकाश प्याला. घोट घोट करून, बशीत ओतून, शेवटचा थेंबसुद्धा. बाहेर आल्यावर अंजनाबाईंनी विचारलं, "खड्डा पडला?" "व्हय." "किती वेळ राहिला?" हे तिनं बघितलं नव्हतं. "परत जा," बाई म्हणाल्या. त्या सुनेला दुसऱ्या दिवशी बैलगाडीत घालून दवाखान्यात आणायला लावलं ते बाईंनीच, दारात उभं राहून, म्हातारीशी तासभर वाद घालून. चहाबद्दल त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मुक्ताला सोपं गेलं असतं.

चापटीनंतरच्या रविवारी मारुतराव आला. जीप घेऊन आला होता. तालुक्याला काम होतं, जाता जाता वहिनीनं दिलेले शेंगदाण्याचे लाडू पोचवायचे म्हणून. दवाखान्याबाहेरच्या लिंबाखाली तो उभा होता आणि मुक्ता त्याच्यासमोर. सांगायचं असं तिनं ठरवलं नव्हतं. त्यानं, "बरं चाललंय न्हवं?" एवढंच विचारलं, आणि सहा वर्षांत ह्या भावानं आपल्याला काही विचारलं नव्हतं हे तिला एकदम आठवलं. तिनं बाही वर केली. तिथं आता काहीच नव्हतं. तरी ती म्हणाली, "बाईंनी मारलं मला, दादा. चारचौघींत." मारुतरावानं विचारलं, "कोण बाई? ओव्हाळ?" तो आडनाव असं म्हणाला की जणू ते चव घेऊन थुंकून टाकलं. "ती कोण, आपण कोण! आपल्या पोरीवर हात टाकती? बघतो मी. पुण्यास्नं सायेब आणतो. तू फक्त इचारतील तवा सांगायचं." लाडवांचा डबा तिच्या हातात देऊन तो गेला. जीपची धूळ खाली बसेपर्यंत मुक्ताला आपल्यामागं कुणीतरी आहे असं वाटत राहिलं. फार दिवसांनी पाठ शेकल्यासारखी झाली. तिनं लाडू सगळ्यांना वाटले. सोजरलाही दिला.

सोमवारी वर्गात अंजनाबाई कापडाची पिशवी घेऊन आल्या. मेसमधली पिठाची पिशवी, झटकलेली तरी कडांना पीठ होतं. तिच्या तळाला आतून त्यांनी एक नाडी टाचली होती, नाडीचं टोक तोंडातून बाहेर लोंबत होतं. "ही आईची पिशवी," त्या म्हणाल्या. "ही नाडी म्हंजी नाळ. वार अजून सुटलेली न्हाई, आत चिकटलेली हाय. आन् तुम्हाला घाई झाली." त्यांनी नाडी ओढली. पिशवीचा तळ आत वळला, तोंडातून बाहेर आला, आणि पिशवी उलटी होऊन त्यांच्या हाताखाली लोंबायला लागली. थोडं पीठ खाली सांडलं. "संपलं. अंग बाहेर. रक्त थांबत न्हाई. बाई मरती. न्हाई मेली तर परत मूल व्हत न्हाई." सगळ्या जणी बघत होत्या. मुक्ता त्या उलट्या पिशवीकडं बघत होती, आणि पाबळच्या घरातली माजघराशेजारची खोली तिच्याभोवती सावकाश उभी राहिली. पाटा, कणगी, तुळईला बांधलेला दोर, तो धरून ती उकिडवी बसलेली. सासूनं सुईणीला बोलवू दिलं नव्हतं. सोवळ्याचा आठवडा होता, बाहेरचं माणूस घरात नको होतं. मुलगी झाली होती. मग सासूनं हाताला फडकं गुंडाळलं, नाळ धरली, पाय तिच्या मांडीला रेटला आणि ओढली. आपलं काहीतरी मुळासकट निघून जातंय, उपटलेल्या रोपासारखं, एवढंच मुक्ताला कळलं होतं. त्यानंतरचं आठवत नव्हतं. शुद्धीवर आली तेव्हा पायाशी राखेचा ढीग होता, रक्तावर टाकलेल्या. मुलगी बारशाआधीच गेली. दोन वर्षं वाट बघून नवऱ्यानं दुसरी केली, आणि सासू साऱ्या पाबळला सांगत फिरली की सुनेची कूसच खोटी होती. मुक्तानंही ते मानलं होतं. नशिबाचं म्हणून मानलं, देवाचं म्हणून मानलं. पिठाच्या पिशवीचं म्हणून कुणी कधी सांगितलं नव्हतं.

ती उठून बाहेर गेली आणि दवाखान्याच्या मागं रुळांच्या बाजूच्या तारेला धरून ओकली. मालगाडी चालली होती, डबे संपतच नव्हते. तिला वाटलं आता आपण रडू, पण आला तो पुन्हा रागच, आणि तोही सासूवर नाही. अंजनाबाईंवर. आपल्या अंगात काय झालं होतं हे आपल्याला ठाऊक नव्हतं आणि ह्या बाईला ठाऊक होतं. कुठल्या कुठल्या खोल्यांत भांडी धुता धुता तिनं ते शिकून ठेवलं होतं, आणि आज पट्टीनं बोट उचलावं तसं उचलून दाखवलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, परवा आपण हाताला फडकं गुंडाळलं नव्हतं एवढाच फरक होता. ओढायला हात सासूसारखाच पुढं गेला होता. कुणी शिकवलं नव्हतं तरी. जे आपल्यावर झालं ते हाताला येत असतं, डोक्याला न सांगता. तिनं तोंड पुसलं. वर्गात परत गेली तेव्हा अंजनाबाईंनी विचारलं, "बरं न्हाई?" "लाडू बाधला," मुक्ता म्हणाली.

तक्रार आता तिच्या हातात राहिली नव्हती. मारुतरावानं ती वर पोचवली होती आणि तिला पाय फुटले होते. मेसमध्ये बाया दोन बाजूंना बसायला लागल्या. सोजर खोलीत बोलेनाशी झाली. दिवा मालवताना विचारायची तेही बंद. अंजनाबाई मात्र होत्या तशाच, उलट मुक्ताला जास्तच राबवू लागल्या. हरेक बाळंतपणाला पुढं करायच्या, हात उचलू द्यायच्या नाहीत, मान वळवू द्यायच्या नाहीत, आणि चुकलं की चारचौघींत वाभाडे काढायच्या. "सायेबाला हे पण सांग," म्हणायच्या. मुक्ताला झोप लागेना. कधी वाटायचं, सांगावं जाऊन दादाला, राहू दे म्हणून. पण मग परत जायचं कुठं? दादाच्या घरात तिला जागा होती ती त्याचं ऐकण्याएवढीच. कधी वाटायचं, जाऊ देत ही बाई इथून, पट्टी घेऊन, चष्म्याचा दोरा घेऊन. कुणी मऊ बोलणारी येईल. आणि तसं वाटलं की लगेच तिला आपला हात नाळेकडं जाताना दिसायचा, आणि त्या मऊ बोलणाऱ्या बाईला तो वेळेवर दिसलेला नसायचा.

साहेब आले ते थंडीत. दवाखान्यातल्या कचेरीच्या खोलीत टेबलामागं बसले. लोकरी टोपी, समोर चहा. एका बाजूला अंजनाबाई उभ्या. त्यांना खुर्ची कुणी दिली नव्हती; मुक्ताला दिली होती. मारुतराव दाराबाहेर व्हरांड्यात, पण दार उघडंच. सकाळी त्यानं मुक्ताला बजावलं होतं, "मारलं म्हण. आन् आपल्या देवाधर्माला शिव्या देती असं पन म्हण." साहेबांनी विचारलं, "ओव्हाळबाईंनी तुम्हांला मारलं, असं तुमच्या बंधूंचं म्हणणं आहे. खरं आहे?"

"व्हय," मुक्ता म्हणाली.

"देवाधर्मावरून, जातीवरून काही बोलल्या?"

"तसलं न्हाई. पण लागेल असं बोलत्यात. सगळ्यांलाच बोलत्यात."

"ते राहू द्या. मारलं एवढं नक्की. बरं, तुम्ही जा."

ती उठली नाही. साहेबांनी चहाचा कप तोंडाला लावला होता तो खाली ठेवला. मुक्ता म्हणाली, "का मारलं ते न्हाई इचारलं तुम्ही."

"का मारलं?"

"मी नाळ ओढत हुते. वार सुटली नव्हती. ओढली असती तर ती बाई मेली असती." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, वर्गात धडा म्हणून दाखवावा तसा. "न्हाईतर माझ्यावानी झाली असती."

"तुमच्यासारखी म्हणजे?"

व्हरांड्यात मारुतराव खाकरला. "मुक्ते," तो म्हणाला. नुसतंच नाव. लहानपणी विहिरीच्या काठावर गेली की तो असाच हाक मारायचा. पण ती आता सांगायला लागली होती आणि थांबता येत नव्हतं. पाबळची खोली, दोर, सासूचा पाय, राख, सगळं तिनं त्या टोपीवाल्या परक्या माणसाला सांगितलं, जे आईला सांगितलं नव्हतं, भावाला सांगितलं नव्हतं. शेवटी म्हणाली, "माझ्या सासूच्या हातावर तवा कुणी मारायला पायजे हुतं." मुक्तानं अंजनाबाईंकडं बघितलं. बाई आपल्या नखांकडं बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं असेल तर ते चष्म्याच्या आत हललं.

बाहेर मारुतरावानं आवाज चढवला नाही. तेच वाईट होतं. "घरची लक्तरं वेशीवर टांगलीस," तो म्हणाला. "परक्याम्होरं अंगाचं सांगत बसलीस. आता त्या बाईचीच हो. न्हावऱ्याला येऊ नगंस." जीप सुरू व्हायला वेळ लागला, ड्रायव्हरनं दोनदा दांडा फिरवला, तोवर भाऊ पुढं बघत बसून होता आणि बहीण उभी होती, आणि तो वेळ दोघांनाही नकोसा झाला होता. जीप गेली. आत साहेबांनी चौकशी गुंडाळली. अंजनाबाई आपल्या जागी राहिल्या. संध्याकाळी व्हरांड्यात मुक्ताच्या समोरून गेल्या आणि म्हणाल्या, "तसराळी उकळायची राहिलीत."

फाल्गुनात परीक्षा आली. ह्या मधल्या दिवसांत मुक्ताच्या मनात एक गोष्ट चोरपावलांनी येऊन बसली होती, आणि ती आहे हे तिला तेव्हाच कळलं जेव्हा ती मोडली. तिला वाटत होतं की बाई आता आपलं देणं लागतात. पुण्याच्या डॉक्टरीणबाई परीक्षेला आल्या होत्या, अंजनाबाई शेजारी. टेबलावर रेल्वेत खलाशी असलेल्या माणसाची बायको होती, दिवस भरत आलेली. मुक्तानं पोट चाचपलं, डोकं कुठं, पाठ कुठं ते नीट सांगितलं. मग नळी पोटावर टेकवून कान लावला. काही ऐकू येईना. स्वतःचंच रक्त कानात धडधडत होतं, बाहेर इंजिनं शंटिंग करत होती. डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडं बघितलं. "ठोके किती?" मुक्ता सरळ झाली. "एकशेचाळीस," ती म्हणाली. पुस्तकात तेच होतं. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. अंजनाबाईंनी तिच्या हातातून नळी घेतली, वाकल्या, नळी मुक्तानं ठेवली होती तिथून पार खाली डाव्या अंगाला सरकवली आणि बराच वेळ ऐकलं. उठून म्हणाल्या, "एकशेबारा. कमी हायेत. आईला डाव्या कुशीवर झोपवा, परत ऐकायला लागंल." आणि मग, "हिला नापास करा."

मुक्तानं त्यांना व्हरांड्याच्या टोकाला गाठलं. "मी तुमच्यासाठी घर सोडलं," ती म्हणाली. "भाऊ सोडला."

"माझ्यासाठी?" अंजनाबाई थांबल्या. "मी सांगितलं हुतं? त्या दिवशी खरं बोललीस ते तुझं तुझ्यासाठी. मला खुर्चीसुद्धा दिली न्हाई कुणी, तू बोलण्याआधी न्हाई आन् नंतरबी न्हाई. आज मात्र त्या पोटातल्या पोराच्या नावानं खोटं बोललीस."

"ऐकू येत नव्हतं."

"मग तसं म्हणायचं." बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे लहान आणि दमलेले दिसत होते, आणि मुक्ताला ते बघायचे नव्हते. "तीन महिने परत. विद्यावेतन बंद पडणार न्हाई, ते मी सायेबांकडून करून घेते. माझ्यावर उपकार केलास म्हणून न्हाई. तुझा हात चांगला हाय म्हणून. तोंड तेवढं खोटं हाय." आणि त्या गेल्या. पाठमोऱ्या बाईंचा मुक्ताला इतका राग आला की डोळ्यांपुढं काजवे चमकले.

सोजर पास झाली. तिला शिरूरच्या बाजूला एक गाव मिळालं होतं. पेटीला दोरी आवळताना ती म्हणाली, "ताई, माझ्या खाटेवर कोण येईल कुणास ठाऊक. पांघरूण सांभाळा." आणि ह्या वेळी तो टोमणा नव्हता, की होता, ते मुक्ताला अजूनही कळलं नाही, पण तिनं पेटीचं दुसरं टोक उचललं आणि एस्टीच्या टपापर्यंत दोघींनी ती नेली. परत आल्यावर ती खोलीत एकटीच बसली. आजवर तिला जे मिळालं ते मारुतरावाची बहीण म्हणून, जे गेलं ते पाबळची सून म्हणून. ही जागासुद्धा भावाच्या ओळखीची होती, आणि चौकशीपुढची खुर्चीही त्याच्याच नावाची. नापास होणं मात्र कुणाच्या नावावर नव्हतं. ते तिनं एकटीनं मिळवलं होतं. ह्या विचारानं समाधान वाटलं असं नाही. पायाखाली टणक काहीतरी लागलं एवढंच, आणि ते बोचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाळंतपणाच्या खोलीत गेली तेव्हा नव्या तुकडीतल्या अनोळखी बाया भिंतीला लागून उभ्या होत्या, नखं लपवून. टेबलावर केडगावकडून आलेली एक पोर होती, घाबरलेली, ओठ चावणारी. अंजनाबाईंनी नळी मुक्ताच्या हातात दिली. मुक्तानं पोट चाचपलं, नळी टेकवली, कान लावला. शेडमध्ये इंजिन फुस्कारत होतं. पोरीच्या आतड्यांची गुरगुर, स्वतःचा श्वास, त्याच्याखाली काहीच नाही. भिंतीपाशी सगळ्या बघत होत्या. तिच्या जिभेवर आकडा तयार होता. तो तिनं तसाच गिळला.

"ऐकू येत न्हाई, बाई," ती सगळ्यांदेखत म्हणाली.

"मग खाली सरक," अंजनाबाई खेकसल्या. "परत ऐक."